मुंबईतील बिऱ्हाड

(ज्ञातिसंस्थेच्या यंदाच्या वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी केलेले भाषण)



यंदाच्या संमेलनात मुंबईच्या जागेच्या प्रश्नावर बोलण्याची आज्ञा व्यवस्थापक मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आम्ही अर्थशास्त्री नव्हे की स्थापत्यविशारद नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकीत आयुष्य घालविलेले गृहस्थ आहोत. परंतु या शहराने प्रत्येक बिऱ्हाडकरूस अर्धा वकील व अर्धा इंजिनियर करून सोडले आहे, तेव्हा आमचे हे धाडस आपण क्षम्य मानाल अशी उमेद आहे. शिवाय लवकरच भरणाऱ्या सर्वसाधारण सभेपुढे आपल्या वसतिगृहाच्या इमारतीविषयीचा ठराव यावयाचा आहे. त्यामुळे हा विषय केवळ व्याख्यानाचा राहिलेला नाही.

मुंबईत जागेची टंचाई नवी नाही. १८९६ साली मांडवी भागात प्लेग उद्भवला, तेव्हा दाट वस्तीचा प्रश्न सरकारच्या डोळ्यांत प्रथम खुपला व १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. पुढे १९२० नंतर सरकारी विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे बीडीडी चाळी उठविल्या. एकेका कुटुंबास सुमारे १६० चौरस फुटांची एकेक खोली. गिरणगावात तर गावकीची खोली घेऊन वीस-वीस, पंचवीस-पंचवीस माणसे पाळीपाळीने तिच्यात निजत. दिवसपाळीचा मनुष्य उठला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर अंग टाकी. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबांनी हे दिवस काढले आहेत. तथापि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ते दाटीवाटीने राहत, पण शहरात राहत. कामाच्या ठिकाणी पायी जात. भाड्याची खोली मिळण्यास हाल होत, परंतु ती मिळे.

मग भाड्याची खोलीच नाहीशी कशी झाली? आमच्या अल्पमतीप्रमाणे सर्व प्रश्नाचे मूळ येथे आहे.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, मुंबईत भाड्यावर प्रथम निर्बंध आला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला आणि त्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. कायदा तात्पुरता होता. मात्र त्याची मुदत वाढत वाढत अर्धे शतक लोटले. या कायद्याने आपल्या वडिलांच्या पिढीस छप्पर दिले, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. फाळणीनंतरच्या गर्दीत मालकांनी मनमानी भाडी घेतली असती, तर आपली निम्मी ज्ञाती चंबूगबाळे आवरून कोकणात परतली असती.

आमचे तीर्थरूप १९५२ साली गिरगावातील एका चाळीत बिऱ्हाड करून राहिले. दहा बाय बाराची खोली, पुढे सामाईक गॅलरी, भाडे एकोणीस रुपये. आमचे लग्न झाले, मुले झाली, मुले मोठी झाली. भाडे एकोणीस रुपयेच राहिले. वर उपकराची काय ती थोडीबहुत भर. चाळीत चाळीस बिऱ्हाडे होती, म्हणजे सर्वांचे मिळून महिन्याचे भाडे हजाराच्या आतच. जिन्याच्या चार पायऱ्या बदलावयाच्या तर सुताराची मजुरी व लाकूड यांतच ती रक्कम संपून जाई. मालकांच्या पश्चात त्यांच्या वृद्ध पत्नी स्वतः छत्री घेऊन भाडे गोळा करावयास येत. आम्ही भाडेकरू त्यांच्याशी गळक्या छपरावरून भांडत असू. त्या म्हणत, "मास्तर, एकोणीस रुपयांत तुम्ही मला एक पत्रा आणून द्या, मी बसवून देते." त्या वेळी या उत्तराचा आम्हांस राग येई. आज येत नाही.

जुन्या इमारती पडू लागल्या म्हणून १९६९ साली सरकारला दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले व उपकर बसवावा लागला. मालकास इमारत नकोशी व भाडेकरूस ती सोडवत नाही, अशा दोघांच्या मध्ये भिंती तेवढ्या खचत राहिल्या. १९९७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात सांगितले की, गोठविलेल्या भाड्याची तरतूद काळाच्या ओघात अन्याय्य झाली आहे. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला. त्याने वर्षास शेकडा ४ टक्के वाढ दिली व पागडीच्या व्यवहारास मान्यता दिली. एकोणीस रुपयांवर शेकडा ४ म्हणजे किती, हे गणित आम्ही तिसरीच्या मुलांनाही घातले असते.

इकडे भाड्यासाठी नवी इमारत बांधील असा मनुष्य राहिला नाही, हा त्याचा खरा परिणाम. आहे त्या भाडेकरूचे रक्षण झाले. उद्या येणाऱ्या भाडेकरूसाठी खोलीच उरली नाही. १९६३ साली मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला आणि बांधकाम केवळ विक्रीसाठी होऊ लागले. देशातील शहरांमध्ये १९६१ साली शेकडा ५४ कुटुंबे भाड्याने राहत असत. २०११ साली ते प्रमाण शेकडा २८ वर आले. ज्याच्याजवळ एकरकमी पैसा वा कर्जाची पत नाही, त्याने मग झोपडी बांधावी. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईच्या शंभरांतील चाळिसांहून अधिक माणसे झोपडपट्टीत राहणारी निघाली, ती काही हौसेने तेथे गेली नव्हती.

दुसरे कारण जमिनीचे. मुंबई तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेली, असे सांगून आपण स्वस्थ बसतो. परंतु जमिनीस कुलूप घातले ते समुद्राने नव्हे. १९७६ च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याने मुंबईत ५०० चौरस मीटरांवरील मोकळी जमीन सरकारने घेऊन गरिबांस घरे द्यावयाची होती. प्रत्यक्षात खटले चालले, जमिनी अडकल्या व २००७ साली राज्याने तो कायदा रद्द केला. चटईक्षेत्राचा निर्देशांक १९९१ च्या नियमावलीत शहरास १.३३ व उपनगरांस १ असा ठेवला होता. उंच बांधण्याची परवानगी म्हणजे जणू शिधापत्रिकेवरची साखर झाली. ज्याची ओळख मोठी, त्याच्या पिशवीत अधिक. आणि गिरण्यांच्या जमिनीविषयी काय बोलावे? १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लक्ष कामगारांच्या चुली त्यात थंडावल्या. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग पालिकेस, एक तृतीयांश म्हाडास स्वस्त घरांसाठी व उरलेला मालकास मिळावयाचा होता. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली, ती केवळ मोकळ्या जमिनीचीच वाटणी करावी अशी. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ज्या जमिनीवर गिरणीच्या शेड होत्या, ती वाटणीतून निसटली. तेथे आज मनोरे आहेत. शहराच्या मधोमध शेकडो एकर जमीन एकाच पिढीत मोकळी होण्याचा योग पुन्हा येणे नाही.

मनोरे उठले, तरी माणसे कमी झाली. २००१ साली मुंबई शहर जिल्ह्यात ३३ लक्ष ३८ हजार लोक होते, २०११ साली ३० लक्ष ८५ हजार. त्याच जनगणनेत बृहन्मुंबईत चार लक्षांहून अधिक घरे रिकामी, कुलूपबंद आढळली. घर हे राहण्याचे ठिकाण न राहता पैसा ठेवण्याची तिजोरी झाले आहे.

आता आमच्या कुलपाची हकीकत सांगतो. ती सांगण्यास जीभ रेटत नाही.

१९९८ साली आम्ही डोंबिवलीस ब्लॉक घेतला. आमच्या पाच वर्षांच्या पगाराइतकी त्याची किंमत होती. गिरगावची खोली मात्र सोडली नाही. खोली वापरात नाही असे सिद्ध झाले तर मालक ताबा मागू शकतो, म्हणून एक शनिवार आड शाळा सुटल्यावर आम्ही तेथे जात असू, दिवा लावून रात्रभर निजत असू व सकाळी कुलूप घालून परत येत असू. विजेचा मीटर फिरला पाहिजे ना! ही तपश्चर्या आम्ही वर्षानुवर्षे केली. २०११ साली आमचे पुतणे रत्नागिरीहून नोकरीस आले व त्यांनी ती खोली राहावयास मागितली. आम्ही नाही म्हटले. मालक हरकत घेईल, पोरगा एकदा शिरला की निघणार नाही, पुढे पुनर्बांधणीत वाटा मागेल, असे नाना विचार मनात आले. ते नालासोपाऱ्यास चौघांत मिळून राहिले. चार वर्षे दाराशी लोंबकळत नोकरी केली, पाठीचे दुखणे जडले आणि नोकरी सोडून गावी गेले. आमचे थोरले बंधू दोन वर्षे आमच्याशी बोलले नाहीत. मालकाचा कावा, सरकारचा कायदा, बिल्डरचा लोभ यांवर आम्ही चाळीच्या गॅलरीत तासन् तास बोललो आहोत. शहरातील त्या कुलूपबंद जागांच्या गणतीत आमचीही एक खोली होती, हे मात्र कोणापाशी बोललो नाही.

२०१९ साली ती इमारत धोकादायक ठरून रिकामी झाली. एका बिल्डरने तीन वर्षांत नवी जागा देण्याचे लिहून दिले. पर्यायी जागेचे भाडे दोन वर्षे दिले, नंतर थांबविले. सांगाडा चौथ्या मजल्यावर उभा आहे व त्यावर पिंपळ उगवला आहे. आता ती खोली पुतण्यास द्यावयाची म्हटले तरी खोलीच नाही.

परिणामांची यादी करीत नाही. आपल्या वधूवर सूचक मंडळाची वही कोणीही उघडून पाहावी. पूर्वी मुलाचे शिक्षण व पगार विचारीत, आता आधी "जागा कोठे?" असे विचारतात. पस्तिशी उलटलेले सुस्वभावी मुलगे त्या एका प्रश्नापाशी अडले आहेत. आमचे चिरंजीव बदलापुरास गेले. सत्तर किलोमीटरांच्या आसपास प्रवास, पहाटेची गाडी, नातू जागा असताना बापाची भेट रविवारी तेवढी. आणि आम्ही ज्या शाळेत शिकविले, तेथे आम्ही लागलो तेव्हा पहिलीच्या दोन तुकड्या भरत. निवृत्त झालो त्या वर्षी पहिलीत अकरा मुले होती. शाळा बंद पडते ती इंग्रजीमुळे, असे म्हणतात. काही अंशी खरे आहे. पण आईबापच कर्जत-विरारकडे गेल्यावर गिरगावच्या शाळेत मूल यावे कोठून?

आता वसतिगृहाविषयी. इमारत जीर्ण झाली आहे, ती पाडून बांधावी लागणार, यात मतभेद नाही. प्रश्न एवढाच की, नव्या इमारतीत संस्थेच्या वाट्यास येणाऱ्या जागा सभासदांस मालकीने विकाव्या, की संस्थेकडे ठेवून भाड्याने द्याव्या. विकल्या तर फंडात मोठी रक्कम येईल. परंतु घेणार कोण? ज्यांच्यापाशी आधीच एक जागा आहे, तेच. म्हणजे आणखी काही कुलपे.

याबाबत एक जुना दाखला आहे. १९१५ साली रावबहादुर श्रीपाद सुबराव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत को-ऑपरेटिव्ह हौसिंग सोसायटी मुंबईत स्थापन झाली व गावदेवीस तिची वसाहत उभी राहिली. तेथे इमारती सोसायटीच्या व सभासद हा तिचा भाडेकरू, अशी योजना होती. एका ज्ञातीने शंभर वर्षांपूर्वी हे केले, तर आपणांस अशक्य का वाटावे? आमची सूचना अशी की, संस्थेच्या सर्व खोल्या संस्थेच्याच नावे राहाव्यात. नोकरीस नव्याने आलेल्या व नवविवाहित जोडप्यांस त्या रीतसर नोंदविलेल्या लिव्ह अँड लायसन्स कराराने, ठरीव मुदतीपुरत्या द्याव्यात. भाडे एकोणीस रुपये नसावे. इमारतीची दुरुस्ती भागून थोडे उरेल इतके असावे व ते दर करारास नव्याने ठरावे. मुदत संपताच खोली पुढच्यास मिळावी. यात व्यवस्थापक मंडळातील कोणाच्या आप्तांस सवलत नको; आमच्याही नको.

या सूचनेचा लेखी मसुदा आम्ही चिटणीसांच्या स्वाधीन केला आहे. सभासदांनी कार्यालयात तो पाहून घ्यावा व सभेस अवश्य हजर राहावे. गणसंख्येअभावी मागील सभा तहकूब झाली होती, हे आपणांस स्मरत असेलच.