जरा मोठ्याने वाचा

अलीकडे वाचलेल्या, आवडलेल्या पुस्तकांविषयी बोला, असं मला रेडिओ केंद्रावरून सांगण्यात आलं. पुस्तकांची नावं सांगतेच. पण आधी एक गोष्ट बोलून टाकते, कारण एकदा पुस्तकांत शिरले की ती राहूनच जाईल. ही सगळी पुस्तकं मी मोठ्याने वाचली आहेत. घरातल्या माणसांना ऐकू जातील अशी. तुम्हीही तसं वाचावं, हे सांगायलाच मी आज आले आहे. बाकीचं अनुषंगाने.

आमच्याकडे रात्रीची जेवणं झाली, की ओटा आवरून आणि उद्याची गवार मोडून होईपर्यंत एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सासूबाईंना बारीक अक्षर दिसेनासं झालं, तेव्हा हे सुरू झालं. आता त्या नुसत्या निमित्त. एखाद्या रात्री वाचन चुकलं तर माझा मुलगाच आधी कुरकुरतो, आणि तो काही पुस्तकातला किडा नव्हे.

या पावसाळ्यात वाचलं ते विष्णुभट गोडशांचं ‘माझा प्रवास’. तुम्हाला ते माहीत आहे, मलाही शाळेपासून माहीत होतं. पेणजवळच्या वरसईचा गरीब भिक्षुक, दक्षिणेच्या आशेने काकांबरोबर 1857 साली उत्तरेला निघतो आणि नेमका बंडाच्या धुमश्चक्रीत सापडतो. झाशीला वेढा पडतो तेव्हा स्वारी शहरातच! पुढे कालपीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्याला राणी भेटते. धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ. पाणी त्याला काढू देत नाही, स्वतः काढते आणि ओंजळीने पिते. डोळ्यांनी वाचलं तर हा प्रसंग पापणी लवते न लवते तोच संपतो. त्या रात्री मी तो मोठ्याने वाचला आणि शेंगा मोडण्याचा कट्‌कट्‌ आवाज थांबला. सासूबाई म्हणाल्या, “थांब. विहिरीपासून परत वाच.”

या पुस्तकाचं आणखी एक. 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी ते छापलं, ते भाषेवर बराच हात फिरवून. गोडशांचा मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली बाहेर आणला. ग्रंथालयात दोन्ही मिळाली तर एकेक पान मोठ्याने वाचून बघा. वैद्यांचं पान सरळ जातं. गोडसे मध्येच थांबतात, फाटा फोडतात, दक्षिणेचा हिशेब सांगतात, पुन्हा वाटेला लागतात. घरातलं वडीलधारं माणूस सांगतं ना, तसं. नुसत्या डोळ्यांना हा फरक कळेलही, पण जिभेला तो पहिल्या दोन ओळींत कळतो.

आता तुम्ही म्हणाल, मोठ्यानेच कशाला? तांदूळ निवडता ना तुम्ही? म्हणजे पूर्वी तरी निवडत होता. मनातल्या मनात वाचणं म्हणजे पिशवी फोडून तांदूळ थेट कुकरात ओतणं. पोट भरतं, नाही असं नाही. पण ताटात पसरून, बोटाने थोडे थोडे बाजूला सारत गेलं, की खडा दिसतो, कणी दिसते, जुना तांदूळ कुठला आणि नवा कुठला हेही समजतं. मोठ्याने वाचताना ओळ अशीच ताटात पसरते. लेखकाने टाकलेली पोकळ विशेषणं तोंडात खड्यासारखी लागतात. गंमत म्हणजे, पुष्कळदा चांगला दाणाच आपण खडा म्हणून फेकत होतो, हेही तेव्हा कळतं. आणि घाईत असलेल्या माणसाने तर निवडायला बसूच नये, पण ते असो. उपमा फार ताणली तर तीही तुटायची.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ यंदा पुन्हा काढली. ती 1934 पासून पुस्तकरूपाने येऊ लागली. नाशिकजवळच्या जलालपूरची ही मुलगी लग्नानंतर अक्षरओळख करून घेते, आणि लिहिते असं की शेजारी बसून बोलते आहे. वडिलांचं सोवळं असं, की घरात येईल ती वस्तू पाण्यातून काढल्याशिवाय सुटका नाही. हे सगळं ती तक्रारीचा सूर न लावता सांगते. तोंडाने वाचताना एका वाक्याला आपण हसतो आणि पुढच्या वाक्यावर आवाज कापरा होतो. डोळ्यांनी वाचणाऱ्याला तेवढी फुरसत कुठे? तो पुढच्या परिच्छेदात पोचलेला असतो.

पुन्हा सांगते, कारण इथे काही मंडळी मान डोलावून सोडून देतील. मोबाईलवर ऐकायची पुस्तकं मिळतात, ती चांगलीच आहेत. प्रवासात मीही ऐकते. पण ते दुसऱ्याच्या तोंडचं वाचन. मी म्हणते आहे ते तुमच्या तोंडचं. वर्षाला शंभर पुस्तकं संपवल्याचं सांगणारे भेटले की मला त्यांना पान निवडून द्यावंसं वाटतं आणि म्हणावंसं वाटतं, हे एवढंच वाचून दाखवा बरं! आपल्याला काही हे नवीन नाही. श्रावणात ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ लागायचा, वाचणारा एक आणि ऐकायला सगळी आळी. त्यातल्या कितीजणांना अक्षर येत होतं? तरी ओव्याच्या ओव्या पाठ.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 ची. लहानसं पुस्तक, वाक्यंही लहान. धनगरांच्या वस्तीवर आलेला पोरगेला मास्तर, तो कारभारी, तो आनंदा रामोशी, आणि शेवटी दुष्काळाने ओस पडलेली वाडी. माडगूळकरांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर कित्येक वर्षं काम केलं. शंकर पाटील आणि मिरासदारांबरोबर गावोगाव कथा सांगितल्या. त्यांच्या वाक्यात कुठे श्वास घ्यायचा, हे तोंडाला आपोआप समजतं. नवख्याने इथूनच सुरुवात करावी.

आणि बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. 1986 चं. फलटणला त्यांचं छोटं दुकान होतं. सामान बांधून द्यायला आणलेल्या रद्दीचे कागद त्या वाचायच्या, आणि लिहिलेलं वर्षानुवर्षं घरात लपवून ठेवायच्या. या पुस्तकातली बोली शहरी वाचकाला पहिल्या पानावर अडते, मग तो पुस्तक मिटतो आणि “भाषा अवघड आहे” म्हणतो. अहो, अवघड कसली? कागदावर अडणारी बोली तोंडात घ्या, चौथ्या ओळीला ती मोकळी होते. आमच्या घरात या पुस्तकावरून एका रात्री चांगलाच वाद झाला. म्हणजे, भूक इतकी उघडी लिहावी का, असं कुणीतरी म्हणालं, आणि माझ्या सुनेने त्याला जे उत्तर दिलं ते…

काचेपलीकडून दोन बोटं दाखवताहेत. दोनच मिनिटं? मग सुनेचं उत्तर राहू द्या. कवितांचं तर मी काढलंच नाही. ‘कोसला’ मोठ्याने वाचली की किती हसू येतं, तेही राहिलं.

तेव्हा कामाचं तेवढं. आवाज नाटकी करू नका, पात्रांची सोंगं काढू नका. नेहमीच्या आवाजात वाचा. अडखळलात तर ओळ पुन्हा घ्या, कुणी रागावत नाही. घरात ऐकणारं कुणी नसेल तर स्वतःला वाचून दाखवा, भिंतींची भीड कशाला? मुलं मधूनच उठून गेली तर जाऊ द्यात, दुसऱ्या खोलीतून त्यांना ऐकू येतच असतं. आणि प्रकरण अर्ध्यावर सोडायचं झालं, तर फार रंगलेल्या जागी सोडू नका, रात्री झोप… बरं, वेळ झाली.