रिकाम्या पुंगळीची साक्ष

चांदमारीच्या मैदानावर सराव संपला की जवान खाली वाकून रिकाम्या पुंगळ्या वेचू लागतात. झाडलेल्या प्रत्येक काडतुसाचा हिशेब द्यावयाचा असल्याने पुंगळ्या मोजल्या जातात, पोत्यात भरल्या जातात आणि कोठारात जमा होतात. संख्या जुळली की काम संपले, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः त्या प्रत्येक पुंगळीवर रायफलीने आपल्या प्रकृतीचा दाखला कोरून ठेवलेला असतो. जाणता वैद्य नाडीवरून रोग ओळखतो, त्याप्रमाणे जाणता आर्मरर पुंगळीवरून हत्याराचा दोष ओळखतो. आणि हीच पुंगळी एखाद्या खुनाच्या जागी सापडली, तर ती न्यायासनासमोर साक्षीदार म्हणून उभी राहते. तिची भाषा समजून घेणे हे शस्त्र वापरणाऱ्याचे आणि गुन्ह्याचा तपास करणाऱ्याचे, अशा दोघांचेही कर्तव्य आहे.

क्षणार्धातील प्रवास

उदाहरणादाखल ७.६२ मिलिमीटरची सेल्फ लोडिंग रायफल घेऊ. इशापूरच्या कारखान्यात तयार झालेली ही रायफल १९६०च्या दशकापासून भारतीय सेनेने वापरली आणि पुढे अनेक राज्यांच्या पोलिस दलांतही ती रुळली. तिच्यात चाप दाबला की एकच गोळी सुटते. परंतु रिकामी पुंगळी बाहेर टाकणे आणि नवे काडतूस आत घेणे ही कामे रायफल आपणहून करते. म्हणूनच तिला अर्धस्वयंचलित म्हणतात.

चाप दाबताच घोडा फायरिंग पिनवर आदळतो व पिन काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीवर आघात करते. दारू पेटते आणि चेंबरमध्ये दर चौरस इंचास सुमारे ५० हजार पौंडांचा दाब निर्माण होतो. पुंगळीचे पितळ सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त यांचे असते. दाबाने ते फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायूला मागे येण्याची वाट बंद करते. दाब ओसरताच ते किंचित आकसते. दरम्यान नळीतील छिद्रातून आलेला वायू पिस्टनला मागे ढकलतो व ब्रीच ब्लॉक मोकळा होतो. एक्स्ट्रॅक्टरची नखी पुंगळीच्या कडेला धरून तिला मागे ओढते, इजेक्टर तिच्या बुडावर टोला देतो आणि पुंगळी उजवीकडे भिरकावली जाते. हा सारा व्यवहार डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी आटोपतो. परंतु पितळ हा पोलादापेक्षा मऊ धातू असल्यामुळे ज्या ज्या भागाने पुंगळीला स्पर्श केला, त्याची खूण तिच्यावर उमटून राहते.

लक्षणे आणि निदान

पुंगळी हाती आली की प्रथम टोपी पाहावी. तिच्या मध्यभागी गोल, पुरेसा खोल आणि स्वच्छ खळगा असेल तर पिनचे काम ठीक आहे. खळगा उथळ असेल तर घोड्याची कमान थकलेली असू शकते, पिनच्या वाटेत मळ साचलेला असू शकतो किंवा पिनचे टोक झिजलेले असू शकते. टोपीला आरपार भोक पडले असेल, तर त्या रायफलीतून गोळी झाडणे तत्काळ थांबवावे. कारण तेथून तप्त वायू मागे येऊन नेम धरणाऱ्याच्या डोळ्याला इजा करू शकतो. टोपी चपटी होऊन कडेपर्यंत पसरणे हे अतिदाबाचे लक्षण मानले जाते. मात्र टोपीचा धातू मऊ असला तरी असेच दिसते. एकाच लक्षणावरून निदान करणारा वैद्य जसा फसतो, तसाच आर्मररही फसतो.

त्यानंतर कड तपासावी. एक्स्ट्रॅक्टरने तिच्यावर बारीक ओरखडा ठेवणे स्वाभाविक आहे. पण कड वाकलेली किंवा फाटलेली दिसली, तर पुंगळी चेंबरला चिकटून असतानाच ती ओढली गेली, असा अर्थ होतो. चेंबरमधील घाण किंवा गंज हे त्याचे एक कारण, आणि गॅस रेग्युलेटर गरजेपेक्षा जास्त वायू पिस्टनकडे सोडत असणे हे दुसरे. याउलट पुंगळी मरगळल्यासारखी पायाशी पडत असेल किंवा बाहेर पडण्याच्या खिडकीतच अडकत असेल, तर वायू कमी पडतो आहे. या रायफलीचा रेग्युलेटर फिरवून वायूचे प्रमाण बदलता येते. म्हणून पुंगळी कशी पडते याकडे लक्ष ठेवणे हा तिच्या निगेचाच भाग होय.

सर्वांत गंभीर लक्षण पुंगळीच्या अंगावर दिसते. बुडापासून थोड्या अंतरावर सभोवार चकचकीत कडे उमटले असेल, तर तेथे पितळ ताणून पातळ झाले आहे, अशी शंका घ्यावी. तोंडातून टोक वाकवलेली तार घालून आतील भिंत चाचपली, तर कधी कधी तेथे खाचही लागते. ब्रीच ब्लॉक आणि काडतूस यांत वाजवीपेक्षा अधिक जागा राहिल्याने हे घडते. असे पितळ पुढे तुटले की बूड बाहेर येते, उरलेला भाग चेंबरमध्येच राहतो आणि पुढचे काडतूस आत बसत नाही. सरावात ही अडचण असते. चकमकीत ती जवानाच्या जिवावर बेतते. अशी रायफल बाजूला काढून आर्मररकडे मोजमापासाठी द्यावी. लॉकिंग शोल्डर नावाचा योग्य मापाचा तुकडा बसवून हा दोष दूर करता येतो. पुंगळीच्या तोंडाला पडलेला पोचा मात्र बहुधा बाहेर पडताना आपटल्याचा असतो. मानेवरचा थोडा काजळथरही नित्याचाच. त्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही.

हत्याराचे कूळ आणि व्यक्ती

गुन्ह्याच्या तपासात याच खुणा वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. पहिला प्रश्न हत्याराच्या कुळाचा. सेल्फ लोडिंग रायफल व एके-४७ या दोहोंना ‘७.६२’चीच म्हणतात; पण पहिलीची पुंगळी ५१ मिलिमीटर लांब, तर दुसरीची ३९ मिलिमीटर असते. जी-३ जातीच्या रायफलीच्या चेंबरला लांब खाचा असतात, त्यामुळे तिच्या पुंगळीवर उभे पट्टे उमटतात व ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात. बुडावरील ‘केएफ’ ही अक्षरे खडकीचा, तर ‘ओएफव्ही’ ही अक्षरे जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना दर्शवितात. ती काडतुसाचे जन्मस्थान सांगतात; ते कोणत्या रायफलीतून झाडले गेले, हे त्यांवरून कळत नाही.

दुसरा प्रश्न अमुक एका रायफलीचा. ब्रीच ब्लॉकच्या पृष्ठावर कानशीचे, यंत्राचे आणि पुढे वापराचे सूक्ष्म ओरखडे असतात व दाबाने त्यांचा ठसा टोपीवर उमटतो. संशयित रायफलीतून प्रयोगशाळेत तशीच काडतुसे झाडतात आणि दोन्ही पुंगळ्या तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून रेषेला रेष जुळते का, हे पाहतात.

या विद्येची कसोटी पाहणारा प्रसंग शिकागो शहरात घडला. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी तेथे सात माणसांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. मारेकऱ्यांपैकी काहींच्या अंगावर पोलिसांचा गणवेश होता, त्यामुळे खुद्द पोलिसांवरच संशय आला. घटनास्थळी थॉमसन बंदुकींच्या ७० पुंगळ्या पडल्या होत्या. तज्ज्ञ कॅल्विन गोडार्ड यांनी पोलिसांच्या थॉमसन बंदुका झाडून पाहिल्या व त्या हत्याकांडात वापरल्या गेल्या नव्हत्या, असे दाखविले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मिशिगनमधील एका गुंडाच्या घरी मिळालेल्या दोन थॉमसन बंदुकींशी मात्र खुणा जुळल्या. निरपराधावरील बालंट दूर करणे हेही पुंगळीचे काम आहे, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही कलुआ विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात अशा पुराव्याची दखल घेतली. त्याचा निकाल १९५८च्या विधिवृत्तांत प्रसिद्ध आहे. मयताच्या खाटेजवळ सापडलेले काडतूस आरोपीने काढून दिलेल्या गावठी पिस्तुलातूनच झाडले गेले होते, ही तज्ज्ञाची साक्ष तेथे निर्णायक ठरली.

साक्षीच्या मर्यादा

ज्या साक्षीवर माणसाचे प्राण अवलंबून असतात, तिच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. एकाच हत्यारयंत्राने लागोपाठ घडविलेल्या भागांवर काही खुणा सारख्याच येऊ शकतात. रायफल पुढे वापरात राहिली, तर तिच्या खुणा बदलतात. अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००९च्या अहवालाने, तसेच तेथील राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान-सल्लागार मंडळाच्या २०१६च्या अहवालाने, या तुलनेत तज्ज्ञाच्या वैयक्तिक निर्णयाचा वाटा मोठा असून तिची शास्त्रीय पारख अधिक व्हावयास हवी, असे बजावले आहे. म्हणून ‘जुळते’, ‘जुळत नाही’ यांबरोबरच ‘निश्चित सांगता येत नाही’ हेही प्रामाणिक उत्तर आहे, आणि ते देणाऱ्या तज्ज्ञाचा मान त्यामुळे कमी होत नाही.

तपासी अंमलदाराचे हात

प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक कितीही उत्तम असला, तरी घटनास्थळी पुसली गेलेली खूण तो परत आणू शकत नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी भेट देण्याची तरतूद झाली आहे. तरीही पुंगळीपाशी प्रथम पोहोचतो तो ठाण्याचा अंमलदारच. त्याने पुंगळी उचलण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे आणि स्थिर खुणेपासूनचे अंतर पंचनाम्यात नोंदवावे. हातमोजे घालावेत. पुंगळीच्या तोंडात पेन किंवा खिळा घालून ती उचलू नये, पुसू नये, बुडावर कोणतेही चिन्ह कोरू नये. प्रत्येक पुंगळी कागदात स्वतंत्र गुंडाळून सीलबंद करावी. सर्व पुंगळ्या एका डबीत खुळखुळत मुंबईच्या कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पोहोचल्या, तर एकमेकींवर घासून त्यांनी आपलीच साक्ष खोडलेली असते. पुंगळ्या जेथे पडल्या त्यावरून झाडणारा कोठे उभा होता याचा अंदाज बांधता येतो. परंतु गर्दीच्या पायांनी त्या दूरवर ढकलल्या जातात, हे ध्यानात ठेवून तो अंदाज जपूनच मांडावा.

मित्रहो, पुंगळी बोलत नाही, ती खोटेही बोलत नाही. चुकतो तो वाचणारा. चांदमारीवर ती घाईने वाचली, तर एखाद्या जवानाचा डोळा जाईल. न्यायालयात ती चुकीची वाचली, तर निरपराध माणूस फासावर जाईल अथवा अपराधी मोकळा सुटेल. म्हणून पुढच्या वेळी पुंगळ्या वेचताना त्या केवळ मोजू नयेत. त्यांतील एक तरी उजेडात धरून, निवांतपणे, तिच्या बुडापासून तोंडापर्यंत वाचून पाहावी.