हजेरी क्रमांक सात



‘शाळेनं मला काय दिलं’ या विषयावर बोलायला संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. शाळेनं दिलेल्या एकाच गोष्टीबद्दल बोलतो. ती माझी नव्हती.

सातवीतला तो गणिताचा तास बऱ्याच जणांना आठवत असेल. वर्गात आपण ४८ जण होतो. सरांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, “आज वही नको. मी १ पासून ४८ पर्यंत आकडे पुकारतो. ज्याचा हजेरी क्रमांक त्या आकड्यानं निःशेष भागला जाईल, त्यानं बसला असेल तर उठायचं, उभा असेल तर बसायचं.”

१ म्हणताच अख्खा वर्ग उभा राहिला. २ म्हणताच सगळे सम क्रमांक बसले. ३ ला ३, ९, १५ बसले आणि ६, १२, १८ पुन्हा उठले. पुढे बाकांचा असा खडखडाट झाला की शेजारच्या वर्गावरच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. सर्वांत हाल ४८ क्रमांकाच्या मैत्रिणीचे. ती दहा वेळा उठली-बसली. मूळ संख्यांचे क्रमांक असलेले पंधरा जण मात्र मजेत होते. एकदा उठायचं, आपला आकडा आला की बसायचं, संपलं काम.

शेवटी सहाच जण उभे राहिले : १, ४, ९, १६, २५ आणि ३६. छत्तीस म्हणजे मी.

“हेच सहा का?” सरांनी विचारलं. वर्ग गप्प. मीही गप्प.

माझ्या बाकावर क्रमांक ७ बसायचा. सातव्या हाकेला तो बसला तो बसलाच, आणि तेव्हापासून वहीच्या मागच्या पानावर काहीतरी मांडत होता. त्यानं माझा सदरा ओढला आणि पुटपुटला, “अरे, विभाजक जोडीनं येतात. तुझे बघ. १ आणि ३६, २ आणि १८, ३ आणि १२, ४ आणि ९. जोडीतले दोघं मिळून एकमेकांचं काम रद्द करतात. पण ६ चा जोडीदार ६ च. म्हणून तू उभा राहिलास.”

मी हात वर केला आणि तेच मोठ्यानं सांगितलं. शब्दसुद्धा त्याचेच. सरांनी माझी पाठ थोपटली. वर्गानं टाळ्या वाजवल्या. क्रमांक ७ नंही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी त्याच जोड्या फळ्यावर पुढे नेल्या. ९१ ही मूळ संख्या आहे का? जोडीतले दोन्ही अवयव १० किंवा त्याहून मोठे असू शकत नाहीत, कारण मग गुणाकार निदान १०० होईल. म्हणजे २, ३, ५ आणि ७ एवढ्यांनीच भागून बघायचं. ७ नं भाग जातो, १३ उरतात. मग ४८ चे मूळ अवयव पाडले : चार वेळा २ आणि एकदा ३. विभाजक तयार करताना २ एकदाही न घेण्यापासून चार वेळा घेण्यापर्यंत पाच पर्याय, ३ घ्यायचा की नाही याचे दोन. पाच दुणे दहा. आमच्या मैत्रिणीच्या दहा उठाबशांचा हिशेब लागला. मला मात्र फळ्यावर सारखी त्याची वही दिसत होती.

त्याच आठवड्यात सरांनी शिष्यवृत्तीच्या जादा तासांसाठी मुलं निवडली. माझं नाव पहिलं होतं. त्याचं नव्हतं. त्या तासांमुळे मला गणिताची गोडी लागली आणि पुढचं शिक्षण त्याच वाटेनं झालं. त्यानं दहावीनंतर वडिलांचं दुकान सांभाळलं. त्याला ते तास मिळाले असते तर काय झालं असतं, ते मी सांगू शकत नाही. पण ते तास त्याच्या हक्काचे होते, एवढं नक्की सांगू शकतो. त्यानं कधी विषय काढला नाही, आणि मी त्याचाच आडोसा घेतला.

आज सकाळी चहाच्या वेळी मी त्याला हे सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, “मला आठवतंय. तू ‘जोडीदार’ म्हणताना अडखळला होतास.”

सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. तुम्ही उत्तर ऐकलंत ते बरोबर होतं, उत्तर देणारा चुकीचा होता. एवढी दुरुस्ती करून घ्या.

आणि क्रमांक ७, तू तिसऱ्या रांगेत आहेस. जरा उभा राहा. त्या दिवशीच्या टाळ्या तुझ्या होत्या. मित्रांनो, त्या आज त्याला देऊन टाकू या.