काडतूस नसते तेव्हा



ठासणीची बंदूक म्हटली की आपल्याला कोकणातला बागायतदार आणि त्याच्या वाडीत शिरणारी रानडुकरे आठवतात. मी बोलणार आहे ती रायफल अमेरिकेतली. तीत काळ्या दारूऐवजी धूरविरहित दारू ठासतात. नॉर्थ कॅरोलिनाच्या हेन्री बॉल यांनी ही कल्पना तडीस नेली आणि या शतकाच्या आरंभी सॅव्हेज कंपनीने तशी रायफल बाजारात आणली. कोलोरॅडोसारख्या राज्यात ठासणीच्या शिकारहंगामात ही दारू चालत नाही, तरी हौशी मंडळींचा ओढा आहेच. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घन अवशेष म्हणून उरतो, नळी गंजते, पुन्हापुन्हा पुसावी लागते. कंटाळा कोणाला येत नाही?

पण धूरविरहित दारू ठासणीसाठी जन्मलेली नाही. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी 1884 मध्ये ती सिद्ध केली आणि 1886 च्या लेबेल रायफलीबरोबर ती काडतुसात गेली. दाब वाढला की ती वेगाने जळते, वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. काळ्या दारूत हे चक्र पुष्कळच सौम्य असते. काडतुसाचे पितळी कवच ते आवरायला मदत करते: मावेल तेवढीच दारू घेते, गोळी ठरल्या जागी धरते, फुगून मागची फट बुजवते. ठासणीत कवचच नाही. नळीत दुप्पट दारू ओतली तरी ती निमूट घेते. म्हणून पोलाद जाड केले की काम झाले, असे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांशी माझे जुळत नाही. कवचाची कामे आता भरणाऱ्याच्या हाताकडे आली आहेत.

दाब आणि पेट हे दोन वेगळे धडे म्हणून शिकवले जातात, तेही मला पटत नाही. काळी दारू ठिणगीने पेटते. धूरविरहित दारूला जोरदार ज्वाला हवी, म्हणून शॉटगनच्या काडतुसातला 209 प्रायमर. शिवाय सुरुवातीचा दाब धरून ठेवणारी घट्ट गोळी हवी. गोळी सैल बसली तर दारू अर्धवट जळते आणि गोळी मध्येच अडकते. फुसका आवाज ऐकून शिकाऱ्याला वाटते, बार उडालाच नाही. तो वरून दुसरा बार ठासतो. नळी फाटते ती अशाने.

यावर उपाय अगदी स्वस्त आहे. ठासायच्या गजावर दोन खुणा करा, रिकाम्या नळीची आणि बरोबर भरलेल्या नळीची. गोळी दारूवर टेकली नाही, मध्ये पोकळी राहिली, तर दुसरी खूण वर राहते आणि लगेच कळते. काळ्या दारूचे मापटे घरी ठेवा. धूरविरहित दारू तराजूवरच तोला, आणि उत्पादकाने सांगितली तीच घ्या. नळीवर ‘फक्त काळी दारू’ असे कोरलेले असेल तर तिथे वाद घालू नका. चाप ओढूनही बार उडाला नाही तर नळी निशाणाकडेच रोखून किमान एक मिनिट थांबा. उशिरा पेटणारी दारू कोणाची भीड ठेवत नाही.

राहिले नळीच्या मागचे बूच. त्यातले ज्वालेचे छिद्र उष्ण वायूने झिजून रुंदावते आणि वायू प्रायमरकडे उलटा येऊ लागतो. बूच ही झिजणारी, वेळेवर बदलायची वस्तू आहे, असे विक्रेत्याने गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगावे, असा माझा आग्रह आहे. दुपारच्या सत्रात नवे आणि झिजलेले बूच शेजारी शेजारी ठेवलेले असतील. छिद्रात मापसळई घालून दोन्ही स्वतः तपासा, मग चर्चेला बसू.