गुरांनी मागे ठेवलेलं रान



पिकात तण दिसलं की आपण खुरपं घेऊन बसतो. गायरानात खुरपायला कुणी जात नाही. तिथे निवड गुरं करतात. कोवळं, गोड असेल ते खातात. कडू, काटेरी, उग्र वासाचं सोडून पुढे जातात. मग बी धरायला शिल्लक राहतं कोण? जे सोडलं ते. पुढच्या पावसात तेच जास्त उगवतं. गायरानात तण का माजतं, याचं बरंचसं उत्तर इथेच आहे.

माझं लहानपण माणदेशात गेलं. शाळा सुटली की गुरांमागे माळावर जायचं. गवतं आम्ही शिकलो ती गुरांच्या तोंडाकडे बघून. मारवेलाचा ठोंब सापडला की गाय मान वर करत नसे. जिभेनं वेढा घालून घास ओढत राहायची. शेडा आणि पवन्या ही गवतंही तशीच आवडीची. तरवडानं मात्र माळ पिवळा झाला तरी शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नसे. टाकळ्याचं मला फार नवल वाटे. पहिल्या पावसातला कोवळा पाला आई लसूण-मिरचीवर परतून भाकरीबरोबर वाढायची, आणि गाय त्याच झाडाला हुंगून बाजूला व्हायची.

कुसळी या गवताबद्दल जरा सविस्तर बोलतो. हिच्या बियाचं टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेली बारीक लव, आणि मागे लांब, पीळ पडलेलं, मध्येच वाकलेलं कुसळ. आम्ही ते तळहातावर ठेवून त्यावर थुंकीचा थेंब सोडायचो. जरा वेळ काहीच होत नसे. मग पीळ उलगडू लागे आणि कुसळ जिवंत किड्यासारखं हातावर फिरू लागे. वाळलं की पुन्हा पीळ बसे. ओल आणि ऊन यांच्या या फेऱ्यांत बी मातीत शिरतं. उलटी लव त्याला मागे सरू देत नाही. पण हेच टोक मेंढीच्या लोकरीतून कातडीत घुसतं, जनावराच्या तोंडात जखमा करतं. फुलोऱ्याआधी मात्र हीच कुसळी गुरं बऱ्यापैकी खातात. म्हणजे चारा आणि उपद्रव यांत फरक काही आठवड्यांचाच!

दबडघाव आणि शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी देशभरातल्या गवताळ रानांची पाहणी करून १९७३ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. दख्खनच्या माळांची मूळ ओळख त्यांनी शेडा आणि मारवेल या गवतांवरून ठरवली. अशा रानावर चराईचा ताण वाढला की आधी ही बहुवर्षायू गवतं मागे पडतात आणि कुसळीचा जोर होतो. तरीही चराई थांबली नाही, तर एका पावसापुरती जगणारी हलकी गवतं येतात, मोकळी जमीन दिसू लागते आणि टाकळा, तरवड पसरतात.

अशा मोकळ्या जमिनीवरच गाजर गवतानं बस्तान बसवलं. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते नजरेस आलं. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं मानतात. सुरुवातीला त्याची पानं जमिनीला चिकटून पसरतात आणि शेजारच्या रोपांना जागा देत नाहीत. एकेक झाड हजारो बिया टाकतं. माणसाच्या अंगाला खाज सुटते, काहींना दमा होतो. भुकेपोटी गाईनं खाल्लंच, तर दुधाला कडवट चव येते. टाकळ्याची निदान भाजी तरी होते. याचं तसं काहीच नाही, म्हणून मला याचा राग येतो.

हे चक्र उलटं फिरवता येतं, यावर माझा विश्वास आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावानं डोंगरावर मोकाट चराई बंद केली. लोक विळ्यानं गवत कापून घरी आणू लागले. कापणीत नावडतं गवतही कापलं जातं, आणि आवडत्या गवताच्या ठोंबाला पुन्हा फुटायला उसंत मिळते. कुसळीचं रान असेल, तर ही कापणी कुसळं धरण्याआधी उरकावी लागते.

आपल्या गायरानाची अवस्था जाणायला महागडी तपासणी लागत नाही. श्रावणात एखाद्या सकाळी गावातल्या जुन्या गुराख्याबरोबर माळावर जा. गुरं कशाला तोंड लावतात, कशाला टाळतात, ते त्याच्याकडून नावानिशी वहीत लिहून घ्या. टाळलेल्यांचीच नावं जास्त भरली, तर ती वही ग्रामसभेत घेऊन जा आणि गायरानाचा निदान एक तुकडा दोन पावसाळे चराईला बंद ठेवण्याचा ठराव मांडा.