पोराने वाचावे, घराने ऐकावे

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बॅचमधले डॉक्टर, वकील, उद्योजक इथे बसलेले असताना बोलायला मला उभे केले, याबद्दल संयोजकांचे आभार. मी प्रेसशॉपमध्ये उभा जन्म काढलेला माणूस. यंत्राच्या आवाजाने कान थोडे अधू झालेत, त्यामुळे मी मोठ्याने बोलतो. मागच्या रांगेतल्यांची सोय झाली म्हणा!

निवृत्तीनंतर दर शनिवारी संध्याकाळी मी देहू-तळवडे रस्त्यालगतच्या एका चाळीत मुलांबरोबर गोष्टींची पुस्तके वाचतो. पत्र्याच्या दहा बाय दहाच्या खोल्या. लातूर, बीड, नांदेड, नगर, शिवाय बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबे. नियम एकच, पुस्तक मुलाने मोठ्याने वाचायचे. दार उघडे असते, आई भाकऱ्या थापत असते, बाप रात्रपाळीला निघण्याआधी आडवा झालेला असतो. ज्यांना वाचता येत नाही किंवा वाचायला सवड नाही, त्यांच्या कानावर ते आपोआप पडते.

मुलांसाठीची धर्माची, संतांची पुस्तके अडचणीतल्या घराला काय देतात, एवढाच आजचा विषय आहे. देहूत याची सुरुवात तुकोबांपासूनच करावी लागते.

आपल्याला लहानपणी तुकोबा कसे सांगितले? वह्या इंद्रायणीत बुडाल्या, तेरा दिवसांनी तरल्या. पुढे विमान आले. गोष्ट संपली, प्रसाद घ्या. पण त्याआधीचे तुकोबा आपल्या पुस्तकांत दोन ओळींत उरकलेले असत. महाजनकी असलेले घर, चालते दुकान. १६३० च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ. धंदा बसला, गुरे गेली, पहिली पत्नी आणि मुलगा गेला. माणूस पार मोडला, भंडाऱ्यावर जाऊन बसला. आणि मग त्यांनी काय केले, तर लोकांकडून येणे असलेल्या पैशांची कागदपत्रे काढली. धाकट्या भावाचा, कान्होबांचा अर्धा हिस्सा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिली.

परंपरेने सांगितलेल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. याच नदीत कर्जाची खते बुडाली ती वर आली नाहीत. अभंगांच्या वह्या बुडाल्या त्या वर आल्या. चाळीतल्या मुलांना विमानापेक्षा ही खतांची गोष्ट जास्त आवडते. ज्या घरात महिन्याच्या पाच तारखेला बचतगटाचा हप्ता, दहा तारखेला मोबाइलचा हप्ता, त्या घरातल्या पोराला खत म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

तुकोबांचे शब्द टिकले तेही साध्या माणसांमुळे. ते उतरवून घेणाऱ्यांत संताजी जगनाडे होते. तेल्याचा घाणा चालवणारे, चाकणचे. आज चाकण म्हटले की आपल्याला गाड्यांचे कारखाने दिसतात. मी मुलांना सांगतो, चाकणचा पहिला मोठा कामगार हा, आणि त्याचा माल अजून चालू आहे. सुदुंबऱ्याला त्यांची समाधी आहे, मुलांना घेऊन जरूर जा.

आता दुसरी गोष्ट. आमच्या चाळीत नगर जिल्ह्यातले एक ख्रिस्ती कुटुंब आहे. त्यांच्या मुलीने एका शनिवारी आपले चित्रांचे बायबल आणले आणि विचारले, "आजोबा, मी यातलं वाचलं तर चालेल?" मी म्हटले, "वाच की." तिने योसेफाची गोष्ट वाचली. भावांनी विकलेला मुलगा मिसर देशात पोचतो. राजाच्या स्वप्नाचा अर्थ सांगतो की सात वर्षे सुबत्तेची, सात दुष्काळाची. सुबत्तेत धान्य साठवतो. पुढे तेच भाऊ धान्य मागायला दारात येतात आणि तो त्यांना उपाशी परत पाठवत नाही.

वाचन संपले आणि एक दहा वर्षांचा मुलगा म्हणाला, "आमच्या पप्पांचे सात महिने भरले. आता ब्रेक दिलाय. मग आता सात महिने दुष्काळ का?"

आपल्या पट्ट्यात ब्रेक म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे. सात महिने काम, मग घरी बसा, पुन्हा बोलावणे आले तर आले. त्याचे वडील तीन आठवडे कोणाशी बोलत नव्हते, भिंतीकडे तोंड करून पडून असत. त्या दिवशी ते पडद्याआडून म्हणाले, "नाही रे. त्याला आधी साठवायला मिळालं होतं. आपल्याला मिळालं नाही, एवढाच फरक." आणि बाहेर येऊन मुलाजवळ बसले. पुढच्या शनिवारी आधीच येऊन बसले.

गोष्टीने त्यांना नोकरी दिली नाही. नोकरी दोन महिन्यांनी एका मित्राच्या ओळखीने लागली, आणि त्या दोन महिन्यांत शेजाऱ्यांनी पीठ-तांदूळ दिले. पण आपल्यावर आले ते आधीही कुणावर आले होते आणि तो माणूस त्यातून उठला, हे त्या घरात मोठ्याने बोलले गेले. अपमान झालेला बाप पोरासमोर बसू शकला. श्रद्धा म्हणतात ती माझ्या अनुभवात अशीच कामाला येते.

आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात केडगाव आहे. तिथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभे केले. रमाबाईंचे आई-वडील दुष्काळात उपासमारीने गेले. त्याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी बाया-मुलींना केडगावला घेऊन आल्या. संस्कृतात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. पण बायबलचे मराठी भाषांतर करताना त्यांनी जड संस्कृत शब्द बाजूला ठेवले, कारण नुकतीच अक्षरे शिकलेल्या बायका-मुलींना ते वाचता यायला हवे होते. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. तिथल्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासूनची कामे मुलीच करत. १९२२ च्या एप्रिलमध्ये, भाषांतराचे काम हातावेगळे करून रमाबाई गेल्या.

विनोबांची 'गीताई'ही अशीच. आईला संस्कृत गीता समजेना, म्हणून ती सोप्या मराठीत आली. म्हणजे ग्रंथ कोणताही असो, तो मोठा होतो तेव्हा लहानांपर्यंत आणि अडलेल्यांपर्यंत खाली उतरतो.

एक काळजी मात्र घ्यावी. मुलांसाठी सोपे करताना त्यातले दुःख गाळू नये. दुष्काळ काढून टाकलेला तुकाराम आणि विहिरीत न टाकलेला योसेफ मुलांच्या काही उपयोगाचा नाही. आणि या वाचनातून कोणाला आपल्या धर्माकडे ओढायचे नाही. आमच्या चाळीत बायबल वाचणारी ती मुलगी बीजेला देहूत येते, आणि वारकऱ्याचा पोरगा तिच्याकडे नाताळला करंज्या खातो. दोघांचेही काही बिघडलेले नाही.

शेवटी मागणे. मेळाव्याच्या निधीतून शाळेला कमान बांधायचे घाटते आहे. कमान जरूर बांधा. पण त्यातले थोडे पैसे काढून मोठ्या अक्षरांची, चित्रांची, सर्व संतांची आणि सर्व धर्मांची पुस्तके भरलेल्या चार पेट्या करू. एकेक पेटी एकेका चाळीत ठेवू. वह्या-पेन, फी आणि अडल्या घराला किराणा हेही त्याबरोबर लागेल, कारण पोट रिकामे असेल तर गोष्ट ऐकू येत नाही. आणि पैशांपेक्षा मला माणसे हवीत. महिन्यातून एक शनिवार द्या, बसायला सतरंजी मी देतो. वाचायचे काम पोरे करतील, आपण फक्त ऐकायचे.

ज्यांना जमेल त्यांनी जेवणाच्या पंगतीत माझ्याकडे नाव द्यावे.

रामकृष्ण हरी.