फ्यूज गेला की शाबूत आहे?



मोताळ्याकडं रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला आपण विहिरीवर जातो, बटन दाबतो, आणि मोटर नुसती घुं-घुं करते. "लाइन त आली, मंग मोटर काऊन उचलत नाही?" बहुतेक वेळा तीनपैकी एक फ्यूज गेलेला असतो. तिन्ही गेले तर मोटर गप्प राहते, पाण्याची पाळी तेवढी हुकते. एकच गेला तर मात्र उरलेल्या दोन फेजवर जादा भार येऊन वाइंडिंग जळतं. म्हणून असा आवाज आला की आधी स्टार्टर बंद करावा.

काही मंडळी टेस्टर लावून पाहतात. तो इथं फसवतो. स्टार्टर चालू असला तर गेलेल्या फ्यूजच्या पलीकडंही टेस्टर पेटतो, कारण वीज मोटरच्या वाइंडिंगमधून फिरून तिथं येते. तेव्हा फ्यूज काढूनच तपासावा.

हातपाय कोरडे करा, पायात चप्पल असू द्या. मेन स्विच बंद करून चिनी मातीचे किटकॅट एकेक ओढून काढा. मेन बंद केला तरी स्विचात येणाऱ्या तारांची टोकं जिवंतच असतात, तिथं बोट नको.

आता घरातली जुनी पत्र्याची, दोन सेलांची बॅटरी घ्या. मागचं झाकण काढून बटन चालू करा. वायरचे दोन तुकडे घ्या. एकाचं टोक सेलच्या बुडाला, दुसऱ्याचं बॅटरीच्या उघड्या पत्र्याला टेकवा. उरलेली दोन टोकं आधी एकमेकांना लावून पाहा. नाहीतर सेल उतरलेला असायचा आणि दोष फ्यूजला! बल्ब लागला की तीच टोकं किटकॅटच्या दोन पितळी पात्यांना लावा. उजेड पडला तर फ्यूज शाबूत, नाही पडला तर गेला.

गेलेली तार मधेच वितळून तुटली असेल तर बहुधा भार जास्त झाला. चिनी मातीवर काळा डाग आणि तांब्याचे बारीक मणी दिसले तर शॉर्टसर्किट समजावं. आधी केबल तपासून घ्या.

नवी तार कल्हईच्या तांब्याची, योग्य जाडीचीच. घरातल्या दिव्यांच्या 5 अँपिअरच्या फ्यूजला 0.2 मिलिमीटर पुरते. मोटरची जाडी वायरमनला एकदा विचारून तेवढी गुंडी पेटीत ठेवावी. केबलचे तीन-चार पदर पिळून घातले तर फ्यूज वाचेल आणि मोटर जाईल.

ट्रान्सफॉर्मरवरच्या फ्यूजला मात्र हात लावू नका. तिथं महावितरणच्या लाइनमनलाच बोलवा, पाळी चुकली तरी चालेल.